मधल्या चित्राचा इतिहास

आजच्या धाग्यात लढाई नाही, तह नाही, सनावळीही बेताचीच आहे. एक चित्र वाकत, ताणले जात दुसऱ्या चित्राचे रूप घेते, तेव्हा अधल्यामधल्या क्षणी पडद्यावर जे दिसते, त्याचा हा इतिहास आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

निमित्त माझ्याच एका फसलेल्या प्रयोगाचे. कोकण किनाऱ्याचा अठराव्या शतकातला एक नकाशा हाताशी होता. त्यात पूर्व दिशा वरच्या बाजूला, त्यामुळे किनारा कागदावर आडवा पसरलेला. हा नकाशा डोळ्यांदेखत वळावा, ताणला जावा आणि आजच्या नकाशावर अलगद येऊन बसावा, अशी दहा सेकंदांची चित्रफीत करायची होती. मोशन ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर जाळी टाकली, जाळीचा एकेक बिंदू नव्या जागी ओढून नेला, पहिल्या आणि शेवटच्या क्षणाला कीफ्रेम दिली आणि चित्रफीत चालवून पाहिली.

दोन गोष्टी बिघडल्या. नकाशा धक्क्याने सुटला आणि धक्क्यानेच थांबला. शिवाय प्रवासाच्या मध्यावर सबंध कोकण आक्रसले आणि मग पुन्हा फुगून मूळ आकाराला आले. उपाय म्हणून मी मध्ये आणखी पाच-सहा कीफ्रेम घातल्या आणि प्रत्येकीला 'ईझी ईझ' दिले. आता नकाशा चढण चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा दर कीफ्रेमपाशी दम खात पुढे सरकू लागला.

पहिला दोष काळाचा, दुसरा अवकाशाचा. दोन्ही दोष फार जुने आहेत आणि त्यांचा माग काढताना मी नकाशा विसरून भलतीकडेच वाहवत गेले. त्या भटकंतीचा हा वृत्तान्त.

आरंभ जाळीपासून करू. आकृतीवर चौकटींची जाळी टाकायची आणि आकृतीऐवजी जाळीच वाकवायची, ही कल्पना संगणकाची नाही. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याचा मानवी शरीराच्या प्रमाणांवरील ग्रंथ १५२८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच महिन्यांत प्रसिद्ध झाला. त्यात चेहऱ्यावर आखलेल्या रेषा पुढेमागे सरकवून किंवा तिरक्या करून तो एका चेहऱ्यातून अनेक चेहरे काढून दाखवतो. कपाळाची पट्टी रुंद केली की एक माणूस, हनुवटीची केली की दुसरा.

१९१७ मध्ये स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ डार्सी थॉम्पसन यांनी 'ऑन ग्रोथ अँड फॉर्म' या ग्रंथात हीच युक्ती जीवशास्त्राला लावली. एका माशाभोवती सरळ चौकटी आखल्या, त्या चौकटी ठरावीक पद्धतीने वक्र केल्या, आणि त्याच माशातून सूर्यमाशाचा बोजड, गोलसर आकार बाहेर आला. ही आकृती आजही जीवशास्त्राच्या पुस्तकांत भेटते. माझ्या दृष्टीने मात्र त्याच प्रकरणातला एक कमी परिचित भाग अधिक मोलाचा आहे. आर्किओप्टेरिक्स या आद्य पक्ष्याच्या कटिरास्थीची जाळी एका टोकाला आणि अ‍ॅपाटॉर्निस या नामशेष पक्ष्याची दुसऱ्या टोकाला ठेवून थॉम्पसन यांनी दोहोंच्या दरम्यानच्या जाळ्याही काढल्या. म्हणजे दोन ज्ञात अवस्थांवरून अज्ञात अशा मधल्या अवस्थांचा अंदाज बांधला. आजच्या भाषेत सांगायचे तर दोन कीफ्रेम देऊन मधल्या फ्रेम काढल्या. फरक इतकाच की त्या कागदावर स्थिर राहिल्या. त्या एकामागोमाग चालवून पाहण्याचे कारण थॉम्पसन यांना नव्हते.

चालवून पाहणाऱ्यांची परंपरा वेगळीच होती. १९०८ मध्ये एमिल कोल या फ्रेंच चित्रकाराने 'फँतास्मागोरी' हा लघुपट केला. सुमारे सातशे रेखाचित्रे, आणि त्यांत एक वस्तू सतत दुसरीत विरघळत जाते. तिथे मधले चित्र म्हणजे कोलच्या हाताची लहर. नियम नाही, मोजमाप नाही. एकटा माणूस सगळी चित्रे काढत असल्यामुळे त्याची गरजही पडली नाही.

गरज पडली ती कारखाना उभा राहिल्यावर. १९३० च्या दशकात वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत कामाची उतरंड पक्की झाली. मुख्य अ‍ॅनिमेटर हालचालीतली महत्त्वाची चित्रे काढणार. ही 'की' चित्रे. त्यांच्यामधली डझनावारी चित्रे काढणार 'इनबिटवीनर', म्हणजे बहुधा नवशिका, कमी पगाराचा, पडद्यावर नाव न येणारा. मग शाई आणि रंगाचे काम करणाऱ्या मुली.

की चित्राच्या कडेला अ‍ॅनिमेटर एक छोटा तक्ता काढून देई: एक उभी रेघ आणि तिच्यावर आडव्या खुणा. मधली चित्रे किती आणि कुठे हवीत ते त्यावरून कळे. इनबिटवीनरची रीत अर्ध्याची होती. आधी दोन की चित्रांच्या बरोबर मध्यावरचे चित्र. मग ते मधले चित्र आणि शेवटचे चित्र यांच्यामधले. मग पुन्हा त्याच्या आणि शेवटच्या चित्रामधले. अंतर निम्मे, त्याचे निम्मे, त्याचेही निम्मे. खुणा टोकाकडे दाटत जातात, आणि प्रत्येक चित्र पडद्यावर सारखाच वेळ राहत असल्याने हात किंवा डोके थांबण्यापूर्वी आपोआप मंदावते. सुरुवातीलाही हेच उलट्या क्रमाने केले की हालचाल हळूच सुटते. सॉफ्टवेअरमधल्या 'ईझ इन' आणि 'ईझ आउट'चे हे मूळ आहे. आपण एफ-९ दाबून जे काम क्षणात उरकतो, ते कागदाच्या कडेवरच्या पेन्सिलीच्या खुणांनी होत असे.

काळाचा दोष असा सुटला. अवकाशाचा दोष त्याच टेबलावर, परंतु अधिक कष्टाने सुटत होता. डोके डावीकडून उजवीकडे वळते आहे असे समजा. दोन्ही चित्रे प्रकाशपेटीवर एकावर एक ठेवून नाकाच्या दोन जागांच्या बरोबर मधोमध नवे नाक काढले, तर ते चूक ठरते. वळणारे डोके कमानीतून जाते, सरळ रेषेतून नव्हे. डिस्नेच्या अ‍ॅनिमेटरांची तक्रार असे की यांत्रिकपणे मध्य साधून काढलेली चित्रे हालचालीतला जीवच काढून घेतात. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या स्टुडिओतल्या दोन ज्येष्ठांनी १९८१ मध्ये आपल्या ग्रंथात अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वे नोंदवली. त्यांत हळू सुटणे-हळू थांबणे हे एक, आणि कमानीतून जाणे हे वेगळे तत्त्व आहे. आकार दबला किंवा ताणला तरी त्याचे आकारमान तेवढेच राहिले पाहिजे, हा दंडकही तिथलाच.

म्हणजे चांगल्या इनबिटवीनरला सरासरी काढून भागत नसे. कोणती गोष्ट सरळ सरकते, कोणती फिरते, कोणती वाकते, हे त्याला ओळखावे लागे. या ज्ञानाची किंमत स्टुडिओच्या हिशेबात फारशी नव्हती. १९४१ च्या मे महिन्यात डिस्ने स्टुडिओत संप झाला, त्याच्या मुळाशी मान्यता, श्रेयनामे आणि पगारातली प्रचंड दरी होती. आर्ट बॅबिटसारखा नावाजलेला अ‍ॅनिमेटर संपकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला, पण ज्यांच्यासाठी ही लढाई सर्वांत निकडीची होती ते उतरंडीच्या तळाचे लोक होते.

जाता जाता आपल्याकडचा एक धागा. १९५६ मध्ये डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स हे मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रशिक्षण द्यायला आले, आणि त्यांच्या देखरेखीखाली जातककथेवर आधारित 'द बनियन डिअर' हा लघुपट १९५७ मध्ये तयार झाला. पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेलेले राम मोहन याच तालमीत घडले.

आता स्थळ बदलू. १९६९. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधले अभियंते नेस्टर बर्टनिक कॅलिफोर्नियात एका परिषदेला गेले होते. तिथे डिस्नेच्या लोकांनी आपली कामाची पद्धत समजावून सांगितली: मुख्य चित्रे एक जण काढतो, मधली चित्रे साहाय्यक काढतात. बर्टनिक यांच्या मनात आले की साहाय्यकाचे हे काम संगणकाला देता येईल. ऑटवाला परतून त्यांनी मार्सेली वाइन यांच्या साथीने तशी प्रणाली उभारली आणि १९७१ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. मोशन ग्राफिक्सच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमधली कीफ्रेम ही संज्ञा आणि तिच्यामागची कामाची विभागणी अशी स्टुडिओच्या उतरंडीतून आली आहे. त्या उतरंडीत आपण मुख्य अ‍ॅनिमेटर आहोत आणि इनबिटवीनरच्या खुर्चीत संगणक बसला आहे.

पण कारखान्यात हिंडून आलेल्या पाहुण्याने कामाचे वर्णन ऐकले होते. इनबिटवीनरचा हात पाहिला नव्हता. संगणकाला शिकवले गेले ते नेमके तेच, जे न करण्याबद्दल नवशिक्याला बोलणी बसत: दोन बिंदूंच्या मधोमध सरळ रेषेत बिंदू ठेव.

या प्रणालीवर पीटर फोल्देश या हंगेरीत जन्मलेल्या चित्रकाराने कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी 'हंगर' हा लघुपट केला. हावरट माणूस खात सुटतो, फुगत जातो आणि अखेर भुकेल्यांच्या जमावाचे भक्ष्य होतो. १९७४ च्या कान महोत्सवात त्याला लघुपटांसाठीचे ज्यूरी पारितोषिक मिळाले आणि ऑस्करसाठी नामांकनही. तो आज पाहिला तर एक गोष्ट डोळ्यांत भरते: रेषा एका आकृतीतून दुसरीत वाहत जातात आणि वाटेत कुठेतरी गुंता होतो, आकृती चिंबते. फोल्देश यांनी या चिंबण्याचा विषयाला साजेसा वापर करून घेतला. मांस वितळावे तशा त्या आकृत्या वितळतात. हे यंत्राच्या मर्यादेचे त्यांनी केलेले सोने आहे, असे माझे मत. पण प्रत्येकाचा विषय हावरटपणा नसतो.

हे चिंबणे का होते, ते थोड्या भूमितीने सांगते. मनगटी घड्याळाचा काटा घ्या. तो १२ वर आहे आणि ३ वर न्यायचा आहे. काट्याचे टोक वर्तुळाच्या कडेने न नेता १२ पासून ३ पर्यंत सरळ रेषेत सरकवले, तर मध्यावर ते वर्तुळाच्या आत असते आणि काट्याची लांबी मूळच्या सुमारे ७१ टक्के भरते. काटा १२ वरून २ वर, म्हणजे ६० अंश नेला तर मध्यावर ८७ टक्के. १२ वरून ६ वर नेला तर मध्यावर शून्य: टोक थेट केंद्रातून जाते. वळण जितके मोठे, तितके मधले चित्र लहान. माझा कोकण किनारा आडव्याचा उभा होताना ९० अंशांत वळत होता. तो मध्यावर का आक्रसला, याचे उत्तर त्या ७१ टक्क्यांत आहे.

बर्टनिक आणि वाइन यांनाही ही अडचण जाणवत होती. १९७६ मध्ये त्यांनी सांगाड्याची पद्धत मांडली: सबंध आकृती न हलवता तिच्यात काड्यांची साधी आकृती बसवायची, हालचाल त्या काड्यांची रचायची आणि चित्र त्यांच्यामागे फरफटत न्यायचे. दोन वर्षांनी एड कॅटमल यांनी, होय, पुढे पिक्सार उभारणाऱ्यांपैकी एक, अडचणीचे मूळ एका निबंधात उलगडले. कागदावरचे रेखाचित्र म्हणजे त्रिमितीय वस्तूची सपाट छाया. माणूस मधले चित्र काढतो तेव्हा मूळ वस्तू त्याच्या डोक्यात असते. संगणकाकडे फक्त छाया असते. सात वर्षांपूर्वी जे काम सहज यंत्राकडे सोपवता येईल असे वाटले होते, त्याची खोली आता कळू लागली होती.

काळाच्या दोषाकडेही या काळात नव्याने पाहिले गेले, आणि त्यासाठीची हत्यारे आली ती गोदीतून आणि मोटारींच्या कारखान्यातून. जहाजाच्या बाकाचा आराखडा काढताना कारागीर लाकडाची लवचीक पट्टी ठरावीक ठिकाणी वजने ठेवून वाकवत. पट्टी स्वतःच सर्वांत कमी ताणाचा वक्र निवडते. या पट्टीला स्प्लाइन म्हणत आणि १९४६ मध्ये गणिती शोनबर्ग यांनी तेच नाव गणिताला दिले. पुढे सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी मोटारीच्या पत्र्यासाठी वक्रांची पद्धत शोधली. सित्रोएनने आपले काम गुपित ठेवले, रेनोचे प्रसिद्ध झाले, म्हणून वक्रांना बेझिएचे नाव मिळाले, कास्तेल्जोचे नाही. इतिहासात श्रेय कसे वाटले जाते याचा हा एक नमुना. सॉफ्टवेअरच्या वेगाच्या आलेखावर कीफ्रेमच्या दोन्ही बाजूंना जे दांडे ओढतो, ते याच वक्रांचे.

१९८४ मध्ये डोरिस कोखानेक आणि रिचर्ड बार्टल्स यांनी कीफ्रेमसाठी तीन चाव्या दिल्या: वक्र किती ताणलेला असावा, कीफ्रेमपाशी तो किती अखंड असावा आणि कोणत्या बाजूला कलावा. कोखानेक कॅनडाच्या फिल्म बोर्डाशी संबंधित होत्या, म्हणजे जिथे 'हंगर' घडला तिथल्याच. प्रश्न त्यांना चित्रपट करणाऱ्यांकडून कळला होता, हे त्या तीन चाव्यांच्या निवडीतच दिसते. दोन टोकांच्या मधल्या कीफ्रेमवर हालचाल थांबता कामा नये, तिने तिथून वेग न गमावता जायला हवे. मी प्रत्येक कीफ्रेमला 'ईझी ईझ' दिले तेव्हा सॉफ्टवेअरला सांगितले होते की इथे वेग शून्य कर. त्याने इमानेइतबारे केला.

रंगीत छायाचित्रांच्या रूपांतराची कथा बहुतेकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात. टॉम ब्रिगम यांनी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत केलेली, स्त्रीचे रानमांजरीत रूपांतर दाखवणारी चित्रफीत १९८२ च्या सिग्राफ परिषदेत दाखवली गेली. १९८८ च्या 'विलो' चित्रपटात इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने जाळीच्या पद्धतीने एका जादूगारिणीला एकामागून एक प्राण्यांची रूपे देत शेवटी पुन्हा स्त्रीरूपात आणले. आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये मायकेल जॅक्सनच्या 'ब्लॅक ऑर व्हाइट'च्या शेवटी गाणारे चेहरे एकमेकांत विरघळत गेले. ते काम पॅसिफिक डेटा इमेजेसचे.

त्यामागची पद्धत थॅडियस बायर आणि शॉन नीली यांनी १९९२ मध्ये निबंधरूपाने मांडली. जाळीऐवजी त्यांनी रेषा वापरल्या: एका चेहऱ्याच्या भुवईवर एक रेषा, दुसऱ्याच्या भुवईवर तिची जोडीदार, तसेच नाक, ओठ, जबडा. निबंधात वाटेत येणारी एक बारीक सूचना वाचताना मी थबकले. ते म्हणतात, रेषेची मधली अवस्था दोन प्रकारे काढता येते. तिची दोन टोके सरळ सरकवता येतात, पण मग वळणारी रेषा मध्यावर आखूड होते. किंवा तिचा मध्यबिंदू, तिची दिशा आणि तिची लांबी या गोष्टी वेगवेगळ्या बदलता येतात. इनबिटवीनरने नजरेने जी वाटणी केली असती, म्हणजे हे सरकते, हे वळते, हे ताणले जाते, ती अशी एका वाक्यात गणिताच्या दारात येऊन उभी राहिली होती.

एकेका रेषेला जे जमले ते सबंध आकृतीला जमायला २००० साल उजाडले. मार्क अलेक्सा, डॅनिएल कोहेन-ऑर आणि डेव्हिड लेव्हिन यांनी आकृतीचे त्रिकोण पाडले, प्रत्येक त्रिकोणाच्या बदलातून वळण्याचा भाग आणि ताणाचा भाग वेगळा काढला, वळण कोनाने पुढे नेले आणि ताण हळूहळू वाढवला. त्रिकोण शेजाऱ्यांना शक्यतो धरून राहतात, आकृती चिंबत नाही. २००५ मध्ये ताकेओ इगाराशी आणि सहकाऱ्यांनी याच जातीच्या विचाराने सपाट चित्र चिमटीत धरून वाकवण्याची पद्धत मांडली. २००७ मध्ये आफ्टर इफेक्ट्समध्ये पपेट टूल आले. चित्राला टाचण्या टोचायच्या आणि टाचणी ओढायची, हात वाकतो पण बारीक होत नाही.

१९७१ ते २०००. एकोणतीस वर्षे. अ‍ॅनिमेशनच्या इतिहासाची पुस्तके हा काळ यंत्राच्या चढत्या सामर्थ्याचा म्हणून सांगतात, आणि ते खोटे नाही. पण याच काळाचा दुसराही हिशेब मांडता येतो. ज्या कामाला कारखान्याने हमाली मानले आणि अभियंत्यांनी पहिल्या नजरेत सरासरी मानले, त्यातली समज सूत्रात बांधायला गणितज्ञांच्या जवळजवळ एका पिढीची कारकीर्द खर्ची पडली. त्या इनबिटवीनरांपैकी बहुतेकांची नावे कुठल्याच निबंधाच्या शेवटी नाहीत.

नकाशाचे काय झाले, असे काही जण विचारतील, म्हणून सांगते. मधल्या सगळ्या कीफ्रेम पुसल्या. वळण आणि विरूपण वेगळे केले: आधी सबंध नकाशा एका रिकाम्या थराला बांधून ९० अंशांत कोनाने फिरवला, आणि जाळीवर फक्त उरलेला ताण ठेवला, जो मुळात थोडाच होता. वेगाचा आलेख दोन्हींना एकच दिला, टोकांना सपाट आणि मध्ये अखंड. ताण वळणाच्या थोडा मागून सुरू केला, कारण दोन्ही एकदम सुटले की डोळ्याला काय पाहावे ते कळत नाही. रत्नागिरीच्या दक्षिणेला एक खाडी अजून किंचित थरथरते; तिथे जाळीच्या चौकटी फार मोठ्या पडल्या आहेत. ती दुरुस्त झाली की चित्रफीत याच धाग्याखाली जोडते.